सफारीलिंकनं मसाई मारा: छोट्या विमानाचा सविस्तर रिव्ह्यू

केनियातल्या मसाई मारा अभयारण्याला जायचं ठरलं की घरात पहिला वाद हाच होतो, रस्त्यानं जायचं का विमानानं, आणि विमानाचं भाडं डॉलरमध्ये बघितलं की निम्मी मतं लगेच रस्त्याकडं झुकतात. आमच्याकडंही तेच झालं होतं. आता मात्र माझं मत पक्कं आहे, सफारीलिंक या केनियातल्या विमान कंपनीचं तिकीट पैसे वसूल आहे, आणि ते नुसतं वेळ वाचतो म्हणून नाही. ही कंपनी कशी चालते ते नीट समजून घेऊन गेलात तर सगळं सुरळीत पार पडतं, आणि न समजता गेलात तर बॅगेपासून एअरस्ट्रिपपर्यंत (जंगलातली छोटी धावपट्टी) सगळीकडं धावपळ होते. म्हणून जरा खोलात जाऊन लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी विमानतळाचं. नैरोबीत प्रवाशांच्या कामाचे विमानतळ दोन, एक जोमो केन्याटा, जिथं परदेशातून येणारी मोठी विमानं उतरतात, आणि दुसरा विल्सन, जो शहराच्या मध्यापासून दक्षिणेला साधारण पाच किलोमीटरवर लँगाटा रोडला आहे. सफारीलिंकचा तळ विल्सनवर. तिकिटावर नैरोबी वाचलं की डोक्यात मोठा विमानतळच येतो, आमचा टॅक्सीवालासुद्धा सवयीनं त्याच रस्त्याला लागला होता, लगेच सांगितलं म्हणून वळला. परदेशातून उतरून थेट विल्सन गाठायचं असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. २०२२ ला नैरोबी एक्सप्रेसवे सुरू झाल्यापासून मोंबासा रोडचा त्रास बराच कमी झालाय, टोल भरला की वरनं निघून येता येतं, पण शेवटचा तुकडा लँगाटा रोडच्या गर्दीतूनच काढावा लागतो. सकाळी परदेशातून उतरायचं आणि त्याच सकाळची माराची फ्लाइट पकडायची असा हट्ट करू नका. एक रात्र शहरात काढा नाहीतर दुपारची फ्लाइट घ्या. इमिग्रेशनची रांग, बॅगा, ट्रॅफिक यातलं काहीच आपल्या हातात नसतं.

विल्सन मला मनापासून आवडला. एकच मोठं टर्मिनल आणि त्यात सगळ्या कंपन्या असं तिथं नाही, प्रत्येकाचं आपापलं गेट, आपापलं ऑफिस, मागं हँगर, आणि सगळीकडं छोटी विमानं उभी. या जागेचा इतिहास सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२९ मध्ये फ्लॉरेन्स केर विल्सन नावाच्या एका विधवा बाईनी टॉम कॅम्पबेल ब्लॅक या पायलटच्या साथीनं विल्सन एअरवेज काढली, सुरुवात एका जिप्सी मॉथ विमानावर, म्हणजे दोन माणसं बसतील एवढं उघड्या कॉकपिटचं दोन पंखी विमान. त्या काळात एका बाईनं, तेही पूर्व आफ्रिकेत, विमान कंपनी काढायची याला किती धाडस लागलं असेल बघा. पुढं इम्पीरियल एअरवेजची लंडनहून येणारी लाइन पूर्व आफ्रिकेपर्यंत आली, तेव्हा तिथून पुढची डाक आणि माणसं आतल्या भागात पोचवायचं काम या छोट्या विमानांनी केलं. १९३९ ला महायुद्ध सुरू झालं, विमानं आणि पायलट लष्करी कामाला गेले आणि कंपनी बंद पडली. धावपट्टी राहिली, तिला आधी नैरोबी वेस्ट म्हणायचे, १९६२ ला या बाईंचं नाव दिलं गेलं. फ्लाइंग डॉक्टर सेवा, १९५७ मध्ये सुरू झालेली, तिचा तळ पण इथंच. आपण सफारीला निघालेलो असतो आणि त्याच आवारातून कुणीतरी लांबच्या गावातला पेशंट आणायला उडालेलं असतं, हे कळल्यावर त्या जागेबद्दल आदरच वाटतो.

आता मधला एक टप्पा सांगते कारण त्याशिवाय सफारीलिंकसारख्या कंपन्या का आल्या ते समजत नाही. १९४६ पासून केनिया, युगांडा आणि टांगानिका (पुढचं टांझानिया) यांची मिळून एक ईस्ट आफ्रिकन एअरवेज होती. तीन देशांचं पटेनासं झालं, १९७७ ला ती कंपनी मोडली, त्याच वर्षी केनिया एअरवेज उभी राहिली, आणि त्याच सुमाराला केनिया-टांझानियाची सीमाही बंद झाली, ती १९८३ पर्यंत. तोपर्यंत पर्यटक एकाच ट्रिपमध्ये मारा आणि त्याला लागून असलेलं टांझानियातलं सेरेंगेटी करायचे, ते थांबलं. केनियाचा पर्यटन धंदा मग स्वतःच्याच अभयारण्यांवर उभा राहायला लागला, मारा, अंबोसेली, साम्बुरू, आणि तिथल्या मुरमाच्या छोट्या धावपट्ट्यांवर मोठी राष्ट्रीय कंपनी कशाला जाईल, तिची विमानंच तिथं उतरत नाहीत. ती जागा विल्सनच्या चार्टरवाल्यांनी, म्हणजे भाड्यानं विमानं देणाऱ्यांनी, भरली. ऐंशीच्या दशकात एअरकेनिया आली, आणि २००४ मध्ये सफारीलिंक. या दोघांची माराच्या रूटवर आजही थेट स्पर्धा आहे आणि त्याचा फायदा प्रवाशाला मिळतो, एकीकडं सीट नसेल तर दुसरीकडं बघता येतं.

२००४ पासून टिकून राहणं ही साधी गोष्ट नाही हो. २००७ च्या शेवटी निवडणुकीनंतरचा हिंसाचार झाला, परदेशी पर्यटक गायब. २०१३ ला वेस्टगेट मॉलवर हल्ला, त्यानंतर परदेशी सरकारांच्या प्रवास-सूचना, पुन्हा सफारीचे कॅम्प (जंगलातली मुक्कामाची ठिकाणं) रिकामे. २०२० ला कोविड, मार्चच्या शेवटी आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद, देशांतर्गत उड्डाणं जुलैच्या मध्याला सुरू झाली आणि परदेशातली १ ऑगस्टला. सफारीवर जगणाऱ्या कंपनीला जुलै ते ऑक्टोबर हे महिने वर्षाचं पोट भरून देतात, विल्डबीस्टचं (गाईएवढ्या हरणांच्या कळपांचं) स्थलांतर तेव्हाच मारात असतं, आणि एप्रिल-मे मध्ये पावसामुळं विमानं अर्धी रिकामी जातात. म्हणून नुसत्या पर्यटकांवर राहून भागत नाही. किसुमू, लोडवार, डायनी, लामू अशा ठिकाणी त्यांची विमानं जातात, त्यात व्यापारी, सरकारी माणसं, एनजीओवाले, घरी निघालेली कुटुंबं असतात. लोडवार म्हणजे पार उत्तरेला तुर्काना भागात, रस्त्यानं जायचं तर फार मोठा पल्ला आहे, तिथं विमान ही चैन नाहीच, गरज आहे. किसुमूला स्पर्धा कडक आहे, केनिया एअरवेज आणि तिची २०१४ मध्ये सुरू झालेली स्वस्तातली जॅम्बोजेट दोघी मोठ्या विमानतळावरून तिथं जातात. सफारीलिंकचा फायदा एवढाच की विल्सन गावाजवळ आहे, पण ऑफिसच्या कामानं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्याला तेवढा पुरतो.

आता विमान. लांबच्या आणि गर्दीच्या रूटला डॅश ८, दोन इंजिनं, पंख्याचं. माराच्या छोट्या स्ट्रिप्सना बऱ्याचदा सेस्ना कॅराव्हॅन. एकच इंजिन आहे म्हणून माझ्या आईला आधी धास्ती होती, तर त्याबद्दल थोडं लिहिते. कॅराव्हॅन पहिल्यांदा १९८२ मध्ये उडालं, आणि ते खडबडीत धावपट्टीसाठीच बनवलेलं आहे. पंख वरच्या बाजूला, त्यामुळं धावपट्टीवरच्या खड्यांपासून लांब राहतात आणि आपल्याला खिडकीतून खालचं सगळं दिसतं. चाकं आत जात नाहीत, कायम बाहेरच, म्हणजे ती अडकायची भानगडच नाही. इंजिन पीटी६ नावाचं टर्बाइन आहे, पिस्टनचं नाही, आणि जगभरातल्या छोट्या विमानांत भरवशाचं इंजिन म्हणून त्याचं नाव आहे. बारा-तेरा माणसं बसतात. टॉयलेट नाही, हवाईसुंदरी नाही, पायलटच मागं वळून बेल्ट, दरवाजे वगैरे समजावून सांगतात. आमची कॅप्टन एक तरुण केनियन मुलगी होती, इतक्या शांतपणे आणि हसत बोलली की आईची धास्ती तिथंच संपली. चढायला चारच पायऱ्या असतात पण त्या अरुंद आणि उभ्या आहेत, आईच्या गुडघ्याचा त्रास बघून खालच्या मुलानं स्वतःहून हात दिला, तिला सगळ्यात आधी चढवलं आणि दाराजवळची सीट दिली. गुडघेदुखीवाल्या माणसांना घेऊन जाणार असाल तर चेक-इनलाच सांगून ठेवा, सोय करतात.

सामानाचा नियम सगळ्यात जास्त लोकांना झोंबतो. माणशी १५ किलो, हँडबॅग धरून, आणि बॅग मऊ हवी, चाकांची कडक सूटकेस चालत नाही. कंपनी मुद्दाम अडवते असं वाटून लोक काउंटरवर भांडतात, ते बघून वाईट वाटतं, कारण नियमामागचं कारण अगदी खरं आहे. सामान विमानाच्या पोटाखाली एका लांबट पेटीत जातं, तिची दारं छोटी असतात, कडक सूटकेस त्यात वळतच नाही. आणि वजनाचं म्हणाल तर विल्सन समुद्रसपाटीपासून साधारण १,६९० मीटरवर आहे, माराच्या स्ट्रिप्सही अशाच उंचीवर. उंचीवर हवा विरळ, दुपारच्या उन्हात ती अजून विरळ होते, मग इंजिनला जोर कमी मिळतो, पंखांना उचल कमी मिळते, आणि उडायला धावपट्टी जास्त लागते. इथं तर धावपट्टी छोटी आणि मुरमाची. म्हणजे प्रत्येक जादा किलो पायलटच्या हिशोबात मोजावा लागतो, किती इंधन घ्यायचं, किती माणसं, कोण कुठं बसणार, सगळं त्यावर ठरतं. त्यामुळं सीट बदलायला सांगितली तर वाद न घालता बदला. मोठ्या सूटकेस नैरोबीच्या हॉटेलात ठेवून जा, कॅम्पमध्ये धुलाई मिळते, तीन जोड कपड्यांत भागतं. कॅमेऱ्याच्या मोठ्या लेन्स घेऊन जाणाऱ्यांनी बुकिंग करतानाच विचारून घ्यावं. आणि प्लास्टिकच्या कॅरीबॅगा बॅगेत ठेवू नका, केनियात २०१७ च्या ऑगस्टपासून त्यांच्यावर बंदी आहे आणि दंड मोठा आहे.

उड्डाण सकाळचं घ्या असं माझं ठाम मत आहे. विल्सनवरून उठलं की खाली नैरोबी नॅशनल पार्क, शहराला अगदी चिकटून, मग न्गाँगच्या टेकड्या आणि त्यांच्यावरच्या पवनचक्क्या, आणि त्या ओलांडल्या की एकदम जमीन खाली निघून जाते, ती रिफ्ट व्हॅली. दरीचा तळ सुकलेला, तपकिरी, मध्ये मध्ये मसाईंच्या काटेरी कुंपणाच्या गोल वस्त्या दिसतात. पलीकडचा कडा चढून विमान लोइटाच्या बाजूला आलं की हिरवं-पिवळं गवत सुरू होतं आणि थोड्या वेळात ठिपके दिसायला लागतात, ती जनावरं. विमान फार उंचावरून जात नाही म्हणून हे सगळं दिसतं. सकाळी हवा स्थिर असते. दुपारी दरीतली जमीन तापते, गरम हवा वर उठते आणि विमान हलायला लागतं, धोका नसतो पण पोट ढवळतं. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी घेऊनच बसा.

आता मुख्य गोष्ट, जी बुकिंगच्या पानावर नीट कळत नाही. मारा म्हणजे एक स्टॉप नाही. कीकोरोक, ओल किओम्बो, मारा सेरेना, मुसियारा, किच्वा टेम्बो, मारा नॉर्थ अशा बऱ्याच एअरस्ट्रिप्स आहेत, आणि विमान वडापसारखं चालतं, ज्या स्ट्रिपला उतरणारे-चढणारे असतील तिथं थांबत थांबत जातं. त्यामुळं नैरोबी ते मारा पाऊण तास ऐकून गेलात आणि तुमची स्ट्रिप शेवटची असली तर सव्वा-दीड तासही लागतो. मला तो जादा वेळ आवडला, दोन स्ट्रिपांमधलं उड्डाण काही मिनिटांचंच असतं, अगदी खालून, नदीतले हिप्पो मोजता येतील एवढं. पण घाईत असलेल्याला हे आधी माहीत असावं.

स्ट्रिप निवडताना कॅम्पला विचारून, त्यांनी सांगितलेलीच घ्या. कारण मधून मारा नदी वाहते आणि तिच्यावर पूल मोजकेच आहेत. नदीच्या पश्चिमेचा भाग म्हणजे मारा ट्रँगल, तो २००१ पासून मारा कॉन्झर्व्हन्सी ही ना-नफा संस्था सांभाळते, त्या बाजूच्या कॅम्पांना मारा सेरेना किंवा किच्वा टेम्बो जवळ पडतं. कीकोरोक पूर्वेकडं आहे. चुकीच्या बाजूला उतरलात तर नकाशावर समोर दिसणाऱ्या कॅम्पला जायला पूल गाठून काही तास गाडीनं फिरावं लागतं, आणि ती गाडी पाठवायचे पैसे कॅम्प वेगळे लावतो.

स्ट्रिपवर काय असतं, तर एक वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, एक छप्पर, कधी टॉयलेट, आणि कॅम्पच्या जीपा. बस. आमचं विमान उतरायच्या आधी एक जीप पूर्ण धावपट्टीवरून फिरून गेली, झेब्रे आणि विल्डबीस्ट हटवले, मगच आम्ही उतरलो. हे रोजचं काम आहे आणि कॅम्पचे ड्रायव्हर आणि पायलट दोघं मिळून ते करतात. धावपट्टीला दिवे नाहीत, म्हणून सगळी उड्डाणं उजेडातच, संध्याकाळी उशिरा जाऊ म्हणालात तर तो पर्यायच नाही. पावसाचा प्रश्न वेगळा. माराची माती कपाशीची काळी माती आहे, पाणी पडलं की चिकट चिखल, चाक रुतलं तर निघत नाही. मार्च ते मे च्या मोठ्या पावसात एखादी स्ट्रिप बंद असली की विमान शेजारच्या स्ट्रिपला उतरतं आणि कॅम्पला गाडी तिकडं पाठवायला सांगितलं जातं. याला गैरसोय म्हणू नका, उतरायचं नाही हा निर्णय पायलट घेतात हेच तर आपल्याला हवं असतं.

परतीची वेळ पण याच कारणानं हलते. दुसऱ्या दिवशी कुठल्या कुठल्या स्ट्रिपवरून किती माणसं आहेत ते कळल्यावर थांब्यांचा क्रम लागतो, आम्हाला आदल्या संध्याकाळी कॅम्पच्या मॅनेजरनं नेमकी वेळ सांगितली, तिकिटावरच्या वेळेपेक्षा थोडी वेगळी होती, आणि विमान त्या सांगितलेल्या वेळेला आलं. इंजिन चालू ठेवूनच माणसं घेतात बऱ्याचदा, तेव्हा स्ट्रिपवर वेळेआधी पोचा आणि सांगितल्याशिवाय विमानाच्या पुढच्या बाजूला अजिबात जाऊ नका, लहान मुलांचा हात धरून ठेवा, पंखा फिरत असतो.

सुरक्षिततेबद्दल लोक विचारतात, तर गोड गोड लिहिणार नाही. ५ मार्च २०२४ ला विल्सनवरून डायनीला निघालेलं सफारीलिंकचं डॅश ८ आणि एका फ्लाइंग स्कूलचं छोटं सेस्ना १७२ हवेत एकमेकांना धडकली. डॅश ८ मध्ये ४४ जण होते, ते विमान सुखरूप परत उतरलं, पण सेस्ना नॅशनल पार्कमध्ये कोसळलं आणि त्यातले दोघंही, शिकणारा आणि शिकवणारा, गेले. त्या दोन घरांवर काय कोसळलं असेल याचा विचार करून आजही गलबलतं. यातून जो प्रश्न समोर येतो तो मला एका कंपनीपुरता वाटत नाही, तो विल्सनचा आहे. एकाच लहानशा विमानतळावरून फ्लाइंग स्कूलची विमानं, चार्टर, नियमित फ्लाइट, रुग्णविमानं सगळी उडतात, चारी बाजूंनी शहर वाढलंय, इमारती जवळ आल्यात. शिकाऊ उड्डाणं इथून दुसरीकडं हलवावीत असं मला मनापासून वाटतं. एवढं असूनही मी पुन्हा या विमानात बसेन का, तर हो. माहिती असून बसेन. केनियाच्या महामार्गावर रात्री-अपरात्री ट्रकांमधून जाण्याची मला जास्त भीती वाटते.

रस्त्याचं पण प्रामाणिकपणे सांगायला हवं. नैरोबीहून नारोकमार्गे माराचं सेकेनानी गेट साधारण पाच-सहा तास, रस्ता आता बराच चांगला झालाय आणि वाटेत रिफ्ट व्हॅलीचा व्ह्यूपॉइंट लागतो. कॅम्प सेकेनानी किंवा टालेकच्या बाजूला असेल, चार-पाच जणांचा ग्रुप असेल, बजेट कमी असेल, तर रस्त्यानं जा, गाडी पण तीच सफारीला वापरता येते, बराच खर्च वाचतो. पण कॅम्प ट्रँगलमध्ये किंवा मारा नॉर्थला असेल, किंवा बरोबर म्हातारी माणसं असतील, किंवा हातात दोनच रात्री असतील, तर विमानाशिवाय दुसरा विचार करू नका. विमानानं गेलात की स्ट्रिपवर उतरल्या क्षणापासून सफारी सुरू होते, आम्हाला कॅम्पच्या वाटेवरच हत्तींचा कळप दिसला, आणि आईला थकवा म्हणून नव्हता.

पैशाबद्दल दोन गोष्टी. भाडं सीझनप्रमाणं बदलतं, स्थलांतराच्या महिन्यांत सगळ्यात जास्त, आणि तेव्हा सीटा लवकर संपतात. केनियात राहणाऱ्यांना वेगळा, कमी दर आहे, पण त्यासाठी ओळखपत्र दाखवावं लागतं, तेव्हा तिथं राहणाऱ्या नातेवाइकाकडून बुकिंग करून तो दर आपल्याला मिळत नाही. माराची प्रवेश फी तिकिटात धरलेली नसते, ती वेगळी, आणि ती वाढलीय, २०२४ पासून परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर, तेही दिवसाला. त्यामुळं परतीची फ्लाइट सकाळची घेतली का दुपारची यावर शेवटच्या दिवशी पुन्हा फी पडते का नाही हे ठरू शकतं. कॅम्पला हा प्रश्न ई-मेलवर विचारून लेखी उत्तर घ्या आणि मगच फ्लाइटची वेळ नक्की करा.

लामूचं थोडक्यात. तिथला विमानतळ मांडा नावाच्या वेगळ्याच बेटावर आहे, उतरलं की धक्क्यापर्यंत चालत जायचं आणि होडीनं लामू गावात. जुनं स्वाहिली गाव, २००१ पासून जागतिक वारसा, गल्ल्या इतक्या अरुंद की गाढवं हेच वाहन. होडीत चढ-उतार करावी लागते, म्हणून इथंही ती मऊ बॅगच कामाला येते. जाण्याआधी त्या भागाची ताजी प्रवास-सूचना मात्र बघून घ्या, सोमालियाची सीमा जवळ आहे.

आणि ज्यांना मारानंतर सेरेंगेटी करायचंय त्यांच्यासाठी. नकाशावर दोन्ही अभयारण्यं चिकटलेली दिसतात, पण मधली सीमा पर्यटकांना आतल्या आतून ओलांडता येत नाही. पद्धत अशी की माराहून छोट्या विमानानं मिगोरीला जायचं, तिथून गाडीनं इसेबानिया-सिरारी नाक्यावर दोन्हीकडचं इमिग्रेशन, मग टांझानियातल्या तारिमे स्ट्रिपवरून तिकडच्या कंपनीचं विमान सेरेंगेटीला. नैरोबीला परत येऊन आरुशामार्गे फिरून जाण्यापेक्षा यात बराच वेळ वाचतो. फक्त दोन्ही कंपन्यांची बुकिंगं आणि मधली गाडी एकाच एजंटकडून करा, म्हणजे एक विमान उशिरा आलं तर पुढच्याला कळवायची जबाबदारी कुणाची हे स्पष्ट राहतं. टांझानियाचा व्हिसा आधीच ऑनलाइन काढा, आणि यलो फीव्हरचं पिवळं कार्ड पासपोर्टबरोबरच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको, केनियाहून येणाऱ्यांकडं ते नाक्यावर मागतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घेतलेली लागते, त्याआधी ते सर्टिफिकेट लागू होत नाही.